डायवर आळीचा फलक

दौंडच्या डायवर आळीला शंभर वर्षं होत आली, तेव्हा आळीच्या तोंडाशी एक फलक लावायचं मंडळानं ठरवलं. वर आळीचा थोडका इतिहास, खाली इथं राहून गेलेल्या नामांकित माणसांची नावं. मजकूर लिहायचं काम हौसरावांच्या गळ्यात पडलं. वाचनालयात नोकरी करून ते निवृत्त झालेले, म्हणजे लिहिणारा माणूस तोच, असं सगळ्यांनी धरून घेतलं. आपल्याच्यानं हे होणार नाही असं हौसरावांनी घरात बरेच दिवस घोकलं आणि मग मुकाट्यानं लिहायला बसले.

इतिहास सोपा गेला. कोळशाच्या इंजिनांच्या काळात रेल्वेचे ड्रायव्हर आणि फायरमन या आळीत राहत. नावंही सुचत गेली. ज्यांच्या इंजिनाचं पितळ लांबून झळकायचं ते मारुतराव ड्रायव्हर. अंगणात बसून पेटी वाजवणारे फर्नांडिस गार्ड. निम्मी आळी जिच्या हातावर जन्मली ती दगडाबाई सुईण.

गाडी अडली ती शेवटच्या नावाशी. ज्योतिबा, म्हणजे हौसरावांचे वडील. न्हावरे गावची मेंढरं राखणं सोडून ते रेल्वेत आले आणि कॉलबॉय झाले. पन्नाशी उलटली तरी हुद्दा कॉलबॉयच. रात्री-अपरात्री कंदील घेऊन आळीत यायचं, ज्याची ड्यूटी असेल त्याचं दार काठीनं वाजवायचं आणि तो उठून बाहेर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. भर झोपेतून नवरा उठवून नेणारा हा माणूस आळीतल्या बायकांना डोळ्यांसमोर नको असे. शाळेत पोरं हौसरावांना ‘ठोक्याचा’ म्हणून चिडवत.

असा माणूस नामांकित कसा म्हणायचा? आणि नाही म्हणावं, तर तो आल्याशिवाय आळीतला एकही ड्रायव्हर कामावर गेला नव्हता. की आपला बाप म्हणून आपण त्याला घुसडतो आहोत? हौसरावांनी नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी तानुकाकूंना विचारायचं ठरवलं. त्या मारुतराव ड्रायव्हरांच्या पत्नी, आळीतल्या सगळ्यात जुन्या. ज्योतिबा वारले तेव्हा सगळी आळी आली होती, काकू आल्या नव्हत्या. त्यांनी नको म्हटलं तर नाव काढायचं, असं मनाशी पक्कं करून ते दुपारी गेले.

काकू ओट्यावर लसूण सोलत होत्या. नातसून सोनमनं चहा आणून दिला.

“काय काढलंस, हौसा?”

“काकांबद्दल लिहिलंय. वाचून दाखवू?”

हौसरावांनी वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, “पितळ झळकायचं, व्हय. पर घासायचा म्हस्कू फायरमन. ह्यांनी कवा चिंधी हातात धरली न्हाई. ऱ्हाऊ दे तसंच. बरं दिसतंय.”

सोनम तोंडाला पदर लावून हसली. हौसराव कागदाची घडी घालत, उलगडत बसले.

“आन् काय हाय पोटात? बोल की.”

“आमच्या अण्णांचं नाव घालावं का, विचारायचं होतं.”

काकूंचा हात थांबला. “तुझा बाप एकदा चुकून माझ्या दारात आलता. ठावं हाय?”

“नाही.”

“हे गेल्यावर. मनमाडच्या अलीकडं इंजिनावरच छातीत कळ आली ना. तेरावं झालं हुतं. आन् पहाटं दार वाजलं. तीच काठी. मी उठले, चूल पेटवली, चहाचं आधण ठिवलं. ह्यांना हाक मारली, उठा, आलाय त्यो. तवा ध्यानात आलं. दार उघडलं तर हा कंदील घिऊन उभा. त्याच्या बी तवाच ध्यानात आलं. सवयीनं पाय वळलं हुतं. मटकन पायरीवर बसला.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“तोंडाला यील ते बोलले. समद्या आळीनं ऐकलं. त्या दिसापासनं माझ्या दारापुढनं गेला न्हाई. मागच्या बोळातनं जायचा.”

वडील त्या बोळातून का येतात हे हौसरावांना आळीत कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं. “नाव काढून टाकतो, काकू.”

“मी काढ म्हनले का?” काकूंनी पुन्हा लसूण हातात घेतली, पण सोलली नाही. “दार वाजल्यापासनं हाक मारीपातूर हे घरात हुते, हौसा. आत निजल्यात, आता उठतील, आसंच मला वाटत हुतं. तेवढं फकस्त तुझ्या बापामुळं घावलं. हे मी कुनाला बोलले न्हाई. शिव्या तेवढ्या लोकांनी ऐकल्या.”

“मग घालू?”

“घाल. पर ह्यांच्या नावाला खेटून नको. लांब लिव.”

फलक रंगवायला सुरज पेंटर आला. सगळ्यात वर मारुतराव, मग बाकीची नावं. शेवटच्या नावाआधी कागदावर मोठी जागा मोकळी होती.

“आबा, हितं लयच गॅप दिसतोय,” तो म्हणाला. “नाव वर घेऊ का? वळी सारख्या दिसतील.”

“नको,” हौसराव म्हणाले. “तेवढं अंतर तानुकाकूंनी सांगितलंय.”

सुरजला काही उमगलं नाही. पण त्यानं खडूची दोरी होती तिथंच खाली ताणली आणि रंगवायला घेतलं: ज्योतिबा, कॉलबॉय.