नाक रस्त्याकडे

जुन्या गाड्या विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्या रोलंड पेट्रीने ट्रकवरच्या ताडपत्रीचं टोक धरून ओढलं, तशी इतक्या वर्षांची धूळ एकदम उठली आणि अल्माने एप्रनचं टोक नाकाला लावलं. धूळ खाली बसली. रोलंडने टोपी काढून हातात घेतली, चर्चमध्ये शिरताना काढतात तशी.

"चार दारं," तो म्हणाला. "काकू, खरंच चार दारं आहेत हो."

"मग फोनवर मी काय थापा मारत होते?"

"तसं नाही. गेल्या महिन्यात एकाने आयडाहोपर्यंत पळवलं मला. गेलो तर दोनच दारं, आणि त्यातल्या एकात कोंबड्या." तो ट्रकभोवती सावकाश फिरला. "पासष्ट सालचा. तेव्हा शेतकरी दोन दारांचा पिकअप घ्यायचे. चार दारांचा मुद्दाम सांगून बनवून घ्यावा लागायचा. रेल्वेवाले घ्यायचे, विजेच्या तारा ओढणारे घ्यायचे, जंगलखातं घ्यायचं. सहा माणसं कोंबायची, मागे कुऱ्हाडी-फावडी टाकायची आणि मोडेपर्यंत राबवायचा. म्हणून तर उरले नाहीत. हाच कसा उरला?"

"नंतर त्यात कुणी बसेना," अल्मा म्हणाली.

रोलंडने मान खाली घातली. खोऱ्यात वाढलेल्या माणसाला त्याहून जास्त सांगावं लागत नसे. सदुसष्टच्या ऑगस्टमध्ये टॅमरॅक नाल्यात वणवा लागला, तेव्हा अल्माचा नवरा ऑर्विल जंगलखात्याच्या आग विझवणाऱ्या टोळीचा मुकादम होता. आग कुठवर आलीय ते बघायला तो एकटा सुळक्यावर चढला आणि खाली वारा फिरला. पाच पोरं गेली. ट्रक खडीच्या मोकळ्या जागेत उभा होता. एका अंगाचा रंग तेवढा फोडांनी भरला. पोरं सापडली ती ट्रकपासून दोनशे पावलांवर, नाल्यात. चौकशीच्या कागदावर तेच लिहिलं गेलं: ट्रकपर्यंत पोहोचू शकली नाहीत. पुढे खात्याने ट्रक लिलावात काढला आणि ऑर्विलने तो आणून इथे झाकून ठेवला.

रोज सकाळी कॉफी घेण्याआधी अल्मा ती पाच नावं घेई. एकही दिवस चुकला नव्हता. त्यांतल्या लायलची आई, हेडविग टोरसन, तेवढी अजून हयात होती. दर रविवारी प्रार्थना संपली की म्हातारी अल्माचा हात धरून विचारायची, "दोनशेच पावलं गं?" आणि अल्मा म्हणायची, "दोनशेच. धुराने गाठलं. कळलंसुद्धा नसेल त्यांना."

रोलंड आता स्टिअरिंगखाली पाठीवर आडवा झाला होता. विजेरीचा उजेड आत हलत होता.

"अरेरे."

"काय झालं?"

"वायरींत कुणीतरी हात घातलाय. चावी लावायची जागा आहे ना, तिच्या मागच्या. चाकूने कापल्यात." तो थोडा आत सरकला. "आणि वरचं कातडं दातांनी सोललंय. हे बघा, दातांचे वण. मेकॅनिकचं काम नाही हे. नंतर कुणीतरी पीळ देऊन जोडल्यात, वर पट्टी गुंडाळलीय. जखमेला लावायची, पांढरी. चोर असणार. चावी नसली की असंच करतात."

"चावी असायचीच त्यात."

"म्हणजे?"

"नियम होता. कुठेही थांबले तरी गाडीचं नाक रस्त्याकडे करायचं आणि चावी गाडीतच सोडायची." अल्माचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "जो आधी परत येईल त्याला निघता यावं म्हणून. लग्नानंतर मलासुद्धा त्याने हेच शिकवलं होतं. किराणा आणायला गेले तरी."

रोलंड बाहेर आला. त्याच्या हातात पट्टीचा पिवळा पडलेला तुकडा होता. तो काहीतरी बोलणार होता, पण अल्मा ट्रककडे बघत नव्हती. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती की नावं घेत होती, त्याला कळलं नाही.

मग ती म्हणाली, "पोरं ट्रककडे येत नव्हती. ट्रकपासून परत चालली होती. पाण्याकडे."

रोलंडने पट्टीचा तुकडा मुठीत मिटला.

"काकू," तो म्हणाला, "मी सगळ्या वायरी नव्या घालणारच आहे. कुणाला दिसायचं नाही."

"ऑर्विलने तुम्हाला हेच विचारलं होतं का?"

"हो. सगळं नवं घालाल ना, म्हणून दोनदा विचारलं. मला वाटलं, हौस आहे म्हाताऱ्याला."

ती घरात गेली. ऑर्विल स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला होता. समोरच्या ताटलीतल्या रुबार्बच्या गोड पाईला त्याने हात लावला नव्हता.

"गेला का घेऊन?"

"चावी मागतोय."

त्याचा हात शर्टच्या डाव्या खिशावर गेला. बेचाळीस वर्षं ती हा हात बघत आली होती. जेवताना, चर्चमध्ये, झोपेतसुद्धा. छातीत दुखतं म्हणून तिने दोनदा त्याला मिझूला शहरात डॉक्टरकडे नेलं होतं. तो काही न बोलता गेला होता आणि काही न बोलता परत आला होता.

त्याने चावी काढून टेबलावर ठेवली. तिने उचलली. ती अंगाच्या उबेने गरम होती.

"चावी खिशात टाकायची सवय नव्हती माझी," तो म्हणाला. "कधीच नव्हती. त्या दिवशीच कशी..." त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. "नाक रस्त्याकडे केलं होतं, अल्मा. तेवढं केलं होतं मी."

"माहीत आहे."

तिने ताटलीवर फडकं टाकलं. पुढे होऊन खुंटीवरचा त्याचा कोट काढला आणि त्याच्यासमोर उघडून धरला.

"कुठे?"

"हेडविगकडे. या वेळेला ती जागी असते."

तो हलला नाही. बाहेर रोलंडचा ट्रेलर रिकामाच उभा होता. अल्मा कोट धरून तशीच उभी राहिली. तिचे हात दुखायला लागले, तरी तिने ते खाली घेतले नाहीत. मग ऑर्विलने टेबलाचा आधार घेतला आणि एक हात बाहीत घातला.