मोहिनीची खोटी अडचण

धुळ्याहून शिरपूरच्या शाळेत मुलींशी पाळीविषयी बोलायला आलेल्या मॅडमचं गोड हसू पाहूनच मोहिनीला संशय आला. आता या विचारणार, "पाळी कुणाकुणाला येते? हात वर करा!" मागच्या वर्षी आलेल्या बाईंनी तेच केलं होतं. नववीतल्या सगळ्या मैत्रिणींचे हात वर गेले, म्हणून मोहिनीनंही केला. खोटाच!

ते खोटं निभवायला तिनं काय काय केलं! रिद्धीकडे पापड लाटायला गेली, तर "माझी अडचण आहे" म्हणत दिवसभर कोपऱ्यात बसली. तेव्हापासून रिद्धी तिच्यावर डोळा ठेवून होती. "काय गं, तुझी तारीख बरी आमच्या पापडांनाच येते!"

मॅडम बोलू लागल्या. "काहींना पाळी आली असेल, काहींना नसेल. त्यानं कुणी मोठी नाही, कुणी मागे नाही. हात वर करायचे नाहीत."

असं कसं? नंतर एकेकीला बाजूला घेऊन विचारणार, नक्की! पण मॅडमनी सगळ्यांना सारखीच पॅडची पाकिटं वाटली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही मला विचारा."

मोहिनी ताडकन उठली. "पंधरावं संपलं तरी आलीच नसेल तर?"

"कुणाला गं?" रिद्धी गर्रकन वळली.

"मला!"

"म्हणजे बठ्ठं खोटं? सगळंच?"

"बठ्ठं!"

मॅडम हसल्या नाहीत. "घाबरू नकोस, पण डॉक्टरांना दाखवायला हवं. आईशी मी बोलू?"

मोहिनीनं त्यांना पुन्हा एकदा निरखून पाहिलं.

"आईशी मी बोलते. तुम्ही दवाखान्यात सोबत या."