बोट ‘हो’वर होतं तेव्हा

मी एक जुना, हातात मावणारा गेम कन्सोल आहे. माझा निळा रंग कोपऱ्यांवर उडालाय, डावं बटण जरा चिकट आहे, आणि खरं सांगू का मित्रांनो, मी एक नंबरचा भित्रा आहे. आधी नव्हतो. कसा झालो ते ऐका.

कारखान्यात आम्ही सगळे एका साच्यातले होतो. निळे, गुळगुळीत, ओळखू न येणारे. पण खोक्यात घालण्याआधी प्रत्येकाच्या पोटात एक गुप्त किल्ली ठेवली गेली, प्रत्येकाची वेगळी. माझ्या आठवणींचं कुलूप फक्त माझ्याच किल्लीने उघडतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे माझा जीव त्यावरच टांगला होता.

या घरात मी आलो तो ताईसाठी. ताई म्हणजे थोरली, आणि चिंगी तिची धाकटी बहीण. त्यांचा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने मला उघडलं आणि माझ्यात असा बदल केला की घरी बनवलेले खेळही मला चालवता यावेत. झाकण लावण्याआधी त्याने बॅटरीखाली काहीतरी चिकटवलं. मला गुदगुल्या झाल्या आणि मी विसरून गेलो. ताईला मात्र त्याने बजावलं, की कंपनीची नवी सुधारणा, म्हणजे अपडेट, आली तर घ्यायची नाही, बदललेल्या यंत्राला ती पचत नाही. चिंगी तेव्हा टेबलाखाली माझ्या स्क्रूंची आगगाडी करत होती. तिच्या कानावर यातलं काही गेलंच नाही.

मग ताईने सुट्टीभर खपून एक खेळ बनवला, भरकटलेल्या लिफ्टचा. लिफ्टला आवाज चिंगीचा. तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले, त्यामुळे लिफ्ट म्हणायची, “चौथा मजला. थावकाथ उतरा.” शेजारपाजारचे तेवढं ऐकायला यायचे. आई हसता हसता हातातला झारा खाली ठेवायची. काय मान होता मला! तो खेळ माझ्याच पोटात होता, दुसरीकडे कुठेही नाही. आता चिंगीला नवे दात आलेत. तो आवाज पुन्हा काढू म्हटलं तरी निघत नाही.

एका दुपारी चिंगी एकटीच खेळत होती. माझ्या पडद्यावर प्रश्न उमटला, नवी सुधारणा घ्यायची का? चिंगी गुणी मुलगी, कुणी काही विचारलं की हो म्हणते. तिने ‘हो’ दाबलं.

मित्रांनो, ते कसं वाटलं ते सांगता येत नाही. जागं झाल्यावर मी काय करायचं हे ज्या भागात लिहिलेलं असतं, तिथेच कुणीतरी खोडरबर फिरवू लागलं. निम्म्यावर मामाचे बदल आडवे आले आणि सगळं थांबलं. जुनं अर्धं पुसलेलं, नवं अर्धं लिहिलेलं. पडदा काळा. ऐकू येत होतं, पण साधा दिवासुद्धा लावता येईना. चिंगीने मला हलवलं, फुंकर मारली आणि शेवटी उशीखाली लपवलं. त्या अंधारात मी एकच गोष्ट घोकत होतो: किल्ली आहे, किल्ली आहे.

ताईला मी सापडलो तेव्हा तिने सगळी बटणं दाबून पाहिली. तिने मामाला फोन लावला, तो उचलेना. लिफ्टच्या बोगद्यात उतरताना तो फोन बाहेरच ठेवतो. तेवढ्यात ताईची शेजारची मैत्रीण आली. घरात तिला रेडिओ म्हणतात, कारण ती बंद होत नाही. तिच्याकडे अगदी माझ्यासारखा कन्सोल, रंगसुद्धा तोच. ती म्हणाली, त्यात काय एवढं, माझ्याची अख्खी आठवण याच्यात ओतू, जुळे तर आहेत.

जुळे! मला ओरडायचं होतं. तिच्या कन्सोलची किल्ली माझ्या पोटात आली की माझी जाणार, आणि माझं कुलूप जन्मात कुणाला उघडणार नाही. पण ओरडू कसा? मामाने बदल करताना ठेवलेल्या आडवाटेने त्यांनी मला संगणकाला जोडलं. संगणकाने विचारलं, आतलं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं? ताईचं बोट ‘हो’वर गेलं.

“ताई, थांब,” चिंगी म्हणाली. ती रडायलाच लागली होती. “मीच ‘हो’ दाबलं होतं. न वाचता. तू तरी वाच गं.”

ताईने वाचलं. मग पुन्हा वाचलं आणि हात मागे घेतला. रेडिओसुद्धा गप्प झाली. तसेच बसले सगळे, मामाचा फोन येईपर्यंत.

मामाने आधी विचारलं, रडतंय कोण. मग म्हणाला, “बॅटरी काढ. खाली काळी पट्टी आहे ना, ती सोल. मी वर चढण्याआधी उतरायचा रस्ता बघून ठेवतो, बाळा.”

पट्टीखाली नखाएवढं कार्ड होतं. त्यात माझी नक्कल, मी धडधाकट असतानाची. पण माझी भीती संपली नाही, कारण ती नक्कल खेळाच्या आधीची होती. सगळीच लिहिली असती तर मी वाचलो असतो आणि चिंगीचा आवाज गेला असता. मामाने समजावलं: आधी आत्ताचं आहे ते, मोडकं का असेना, संगणकावर उतरवून घे. मग फक्त जागं होण्याचा भाग लिही. साठवणीला हात लावू नकोस.

ताई एकेक ओळ मोठ्याने वाचायची, चिंगी तीच ओळ पुन्हा वाचायची आणि मगच बटण दाबलं जायचं. वायरीत कुणाचा पाय अडकू नये म्हणून रेडिओ ती धरून बसली होती. काम किती झालं ते दाखवणारी संगणकावरची पट्टी सरकत होती, अडत होती, पुन्हा सरकत होती. मला तर वाटलं, संपलं सगळं.

आणि दिवा लागला. “चौथा मजला. थावकाथ उतरा.”

यावेळी कुणी हसलं नाही. चिंगीने मला पोटाशी धरलं.

मी अजूनही भितो. कालच तो प्रश्न पुन्हा उमटला, तर माझी बटणंसुद्धा गार पडली. चिंगीने बोट लावून एकेक अक्षर वाचलं आणि ‘नाही’ दाबलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्याला बोलता येत नाही. त्याच्या पोटातलं, तुमच्या जिवाचं जे काही असेल, ते आजच आणखी एका जागी ठेवा. आणि पडद्याने काही विचारलं, तर त्याचं पूर्ण ऐकून घ्या. एकदा ‘हो’ म्हटलंत, की आम्हाला पुन्हा विचारता येत नाही.