डांबराखालचा पत्रा

भावकू मामाची होडी म्हणजे खरं तर काहील होती. गुऱ्हाळात उसाचा रस आटवून गूळ करतात ती मोठी, सपाट बुडाची लोखंडी कढई. वाडीतलं गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा मामानं ती विकत घेतली आणि तळ्यात ओढून नेली. व्यास आठ फूट, कडेची उंची पावणेदोन. दोन माणसं समोरासमोर बसली की ती बरी चालायची. एकट्यानं बसलं की जागच्या जागी गोल फिरायची. एकवीस वर्षं मामा तिच्यातून बेटावरचं गवत आणत होता, जाळं टाकत होता आणि डिसेंबरात मी आले की मला पक्षी दाखवत होता.

या पावसाळ्यात तो गोठ्यात घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पाय पहिल्यासारखा होणार नव्हता. वॉकर धरून अंगणापर्यंत, एवढंच. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्याला कंग्राळीला आमच्या घरी आणायचं आईनं ठरवलं. मामानं दोन महिने नकार दिला आणि मग एक अट घातली.

"काहील पाण्यावरच ऱ्हायली पायजे. भंगारात न्हाय, गुऱ्हाळात न्हाय. चालवणारा कोणतर घेऊंदे, मग येतो."

असा माणूस एकच होता. तळ्यापलीकडचा भरमू. तो ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून मासे धरायचा. रविवारी येऊन बघतो आणि पसंत पडली तर घेतो, असं त्यानं कळवलं. माझं रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन सहा महिने झाले होते आणि मी घरीच होते. त्यामुळे काहील विक्रीसाठी तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मंगळवारी बसनं निपाणी आणि तिथून वडापच्या जीपनं वाडी गाठली.

"नुसती धुवायची, वाळवायची आन् डांबर मारायचं," मामा अंगणातल्या खुर्चीतून म्हणाला. "जुन्यावर नवं. दर दिवाळीला मी त्येच केलंय."

"आधी खरवडायचं न्हाय?"

"कशाला? लोखंड हाय त्ये. दात हायत व्हय घासायला?"

बुधवारी सकाळी मी एकटीच काहील घेऊन निघाले. ती पलीकडच्या काठाला, बेटासमोर बांधलेली होती, अलीकडच्या काठाला आणायची होती. वजन सारखं व्हावं म्हणून समोर दगड ठेवले, तरी ती फिरायचीच. त्या फिरण्याचा एक फायदा होता: मान न वळवता सगळं तळं दिसायचं. अडई बदकं दोनशे बारा. हळदी-कुंकू बदकं चौदा. शिंगाड्याच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी सहा, हिवाळा असल्यामुळे लांब शेपटी नसलेले. बेटाच्या टोकाला तीन पाणमांजरं होती. त्यातलं एक दोन्ही हातांत मासा धरून डोक्याकडून खात होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि खाणं न थांबवता पाठ फिरवली. मी ढकलायचा बांबू आडवा ठेवला आणि तासभर नुसती वाहत राहिले. निकाल लागल्यापासून एवढं बरं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मामाला सांगितलं.

"तिसरं बारकं हाय?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मग तीच. औंदा पिल्लू जगलं म्हणायचं." तो बराच वेळ हसरा होता.

गुरुवारी चार माणसांनी काहील काठावर उपडी करून दिली. डांबराचा एक जाड टवका निघाला. भिंगातून पाहिलं, तर झाडाच्या खोडासारखे थर दिसत होते, मोजता येतील असे एकोणीस. त्याच्या आतल्या बाजूला गंजाचा भुगा. गंजावर मारलेला कोणताही लेप धरत नाही आणि त्याच्याखाली लोखंड झिजत राहतं, हे मी परीक्षेत दोनदा लिहिलं होतं. शिवाय भरमू पैसे देऊन घेणार होता. त्याला खरं लोखंड दिसायला हवं, असं मला वाटलं. खरवडून, रेड ऑक्साइड मारून, मग डांबर, असा मी क्रम ठरवला.

मोटरीच्या खोलीतून वीज घेतली, निपाणीहून ग्राइंडर आणि तारेचं चाक आणलं. दोन दिवस घासलं. मामाला बांध उतरून येता येत नव्हतं, पण आवाज जात होता.

"काय चाललंय गं एवढं?"

"साफ करायचं चाललंय."

"बेतानं कर."

शनिवारी दुपारी सगळं बूड चांदीसारखं निघालं. आतल्या बाजूनं काही राहिलं का हे बघायला मी पहारीनं कड उचलून काठीनं टेकू दिला आणि खाली वाकले. गवतावर उन्हाचे ठिपके पडले होते. सत्तेचाळीस. व्हर्नियर लावून एका भोकाच्या कडेची जाडी मोजली, अर्धा मिलिमीटरसुद्धा भरली नाही. एवढी वर्षं पाण्यावर तरंगत होतं ते डांबर होतं. लोखंड त्याला केवळ आकार देत होतं.

वेल्डरला बोलावून आणलं. त्यानं हातोडीनं दोन ठिकाणी हलकेच वाजवलं, तिसऱ्या ठिकाणी हातोडी आत गेली.

"एक भोक बुजवायला गेलं की तीन पडतील, मॅडम."

"वरनं नवीन पत्रा मारला तर?"

"मारला असता. पण त्येला धरून ठेवायला जुनं कायतर पायजे की."

रविवारी उजाडताच मी डांबर तापवून दोन हात दिले आणि शेजाऱ्यांच्या मदतीनं काहील पाण्यात सोडली. अकरा मिनिटांत पाणी घोट्यापर्यंत आलं. मी तशीच आत उभी असताना भरमू बांधावरून उतरला.

"आक्का, गुडघ्याएवढं होऊंदे, मग आतच मासं पाळूया," तो म्हणाला. मग जवळ येऊन त्यानं कडेवरून हात फिरवला, बोट दाबलं. थट्टा थांबली. "घासलासा व्हय? कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय."

तो माझ्याबरोबर घरी आला. मामानं धुतलेला सदरा घातला होता आणि दुसरी खुर्ची मांडून ठेवली होती.

"अण्णा, मला आपली ट्यूबच बरी," भरमू बसता बसता म्हणाला. "सवय झालीय. एवढं मोठं मला एकट्याला वढत न्हाय."

मला वाचवायला तो खोटं बोलत होता. मी मामाला खरं सांगितलं, घासलं तिथपासून हातोडीपर्यंत.

"किती भोकं?" मामानं विचारलं.

"सत्तेचाळीस."

"मोजलीस व्हय." तो भरमूकडे बघून म्हणाला, "शिकलेली हाय."

चहा झाला. भरमू गेल्यावर मामा म्हणाला, "एकवीस वरसात मी तिच्या बुडाखाली एकदाबी वाकून बघितलं न्हाय. बघितलं असतं तर बसलो नसतो तिच्यात."

"तुला ठाऊक होतं? मग मला सांगायचं की."

"सांगितलं की. जुन्यावर नवं म्हणून."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. मी म्हटलं, दुसरी होडी बघू, फायबरची मिळते, भरमूला तीच घेऊन देऊ.

"भंगारवाल्याला सांगावा धाड," मामा म्हणाला. "आन् आईला फोन लाव. येतो म्हणावं."

"मामा, अट—"

"अट काहिलीसाठी होती. आता कशासाठी थांबू हितं?"

टेंपोत मावत नव्हती म्हणून भंगारवाल्यानं गॅसनं काहिलीचे चार तुकडे केले. डांबर पेटून काळा धूर अंगणापर्यंत आला.

बुधवारी माझा भाऊ ओमकार गाडी घेऊन आला. एक ट्रंक, वॉकर, औषधांची पिशवी. रस्ता बांधावरूनच जातो. तळ्याच्या उथळ टोकाला पट्टकादंब उतरले होते, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले ते राखी हंस. हिमालयापलीकडून येतात. या तळ्यावर मी ते कधीच पाहिले नव्हते आणि मामानंही त्यांच्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं. साठ तरी असतील. त्यांचा आवाज गाडीत ऐकू येत होता.

ओमकारनं वेग कमी केला. "मामा, थांबवू का?"

"कशाला?" मामा म्हणाला, आणि त्यानं काच वर केली.