सगळ्यांसमोर

गणिताच्या बाईंचा शाळेत दरारा असा, की त्या जिन्यावर दिसल्या की खालच्या मजल्यावरचा गलका आपोआप बसायचा. सव्वीस वर्षं शिकवत होत्या. त्यामुळे शाळा सुटल्यावर सगळ्या शिक्षकांना दोन तास प्रशिक्षणाला थांबवलं, तेव्हा त्या कपाळाला आठ्या घालूनच बसल्या. विषय होता, नशेकडे वळलेली मुलं ओळखायची कशी आणि ओळखल्यावर करायचं काय.

शिकवायला आलेली समुपदेशिका बाईंच्या लेकीपेक्षाही लहान दिसत होती. तिने चिठ्ठ्या वाटल्या; चिठ्ठीतला प्रसंग सगळ्यांसमोर वठवून दाखवायचा होता. बाईंच्या चिठ्ठीत होतं: 'नववीतली मुलगी. वर्गात पेंगते, बोलताना जीभ जड होते, अक्षर बिघडलंय. तिच्याशी बोला.' मुलगी व्हायला चित्रकलेचे सर हौसेने उठले आणि बाकावर डोकं टेकून घोरायला लागले.

बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ऊठ. दप्तर उलटं कर."

एकच हशा पिकला.

समुपदेशिका हसली नाही. "समजा, दप्तरातून काहीतरी निघालं. सगळ्या वर्गाने पाहिलं. आता ही मुलगी कुठे जाईल?"

"घरी!" सर डोकं न उचलता म्हणाले.

बाईंचे कान तापले. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी नववीच्या वर्गात एका मुलीचं दप्तर असंच उलटं करायला लावलं होतं. अंगाने काडी, म्हणून सगळे तिला पेन्सिल म्हणायचे. खोकल्याच्या औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या फरशीवर घरंगळल्या, आणि बाई म्हणाल्या, "बघा रे, आपल्या पेन्सिलीला टोक कशाने येतं ते!" वर्ग खदाखदा हसला. शिक्षकखोलीत त्यांनी हा विनोद पुन्हा सांगितला होता. मुलगी दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

"तुमच्यापैकी कोणाच्या वर्गात असं झालंय?" समुपदेशिकेने विचारलं.

बाईंनी चिठ्ठीची घडी घातली, मग त्या घडीची घडी. ज्यांना माहीत होतं तेही खिडकीबाहेर बघत बसले.

सगळे गेल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशी चहाचे पेले गोळा करायला आल्या. बाई अजून बसलेल्याच.

"मावशी, ती पेन्सिल... काही कळलं का हो तिचं?"

मावशींनी पेले खाली ठेवले. "आज आठवण झाली होय? त्या दिवशी कुलूप लावायला गेले, तर पोरगी मुलींच्या बाथरूममध्ये भिंतीला टेकून बसलेली. घरी जायची भीती. आई जाऊन महिनाच झालेला. आईच्या उशाशी राहिलेली बाटली आधी झोप यावी म्हणून घेतली, मग सुटेना."

"आई गेली? मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

बाईंना आठवलं, त्या दिवसांतल्या गैरहजेरीबद्दल त्यांनी मुलीच्या वहीत लाल शाईने 'आळशीपणा' असं लिहिलं होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

मावशींनीच मुलीला दवाखान्यात नेलं होतं. दर बुधवारी अजूनही नेत होत्या, स्वतःची अर्ध्या दिवसाची रजा टाकून. प्रशिक्षण बाईंना मिळालं; काम मात्र मावशी आधीच करून बसल्या होत्या.

"मला तिच्याकडे न्याल?"

मावशींनी पदराला हात पुसले. "चला. पण उपदेश करायचा नाही."

दार मुलीनेच उघडलं. बाईंना पाहताच ती दोन पावलं मागे सरली आणि कोणी काही विचारायच्या आत तिने झग्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. "काही नाहीये माझ्याकडे. खरंच नाहीये."

वाटेत जुळवलेलं सगळं बाई विसरल्या. "खिसे आत घाल, बाळ," एवढंच कसंबसं निघालं. मग खाली मान घालून, "माझं चुकलं. मला माफ कर."

मुलगी मावशींकडे बघत बोलली. "हसवलंत सगळ्यांसमोर. आणि माफी इथे, दाराआड?"



दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला त्यांनी खडू हातात घेतला आणि परत ठेवला. समोर बावन्न मुलं होती. "मी तुमच्या मैत्रिणीची थट्टा केली," त्या म्हणाल्या. "ती आजारी होती, दुःखात होती. तुम्ही हसलात, पण हसवलं मी. चूक माझी." आवाज चिरकला. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं, आणि बाईंनी ते ऐकून घेतलं. दुपारपर्यंत गोष्ट मुख्याध्यापकांच्या कानावर गेली. त्यांनी बोलावून सुनावलं, "अहो, शाळेची अब्रू काढलीत!" बाईंनी तेही ऐकून घेतलं आणि हजेरी कमी भरली तरी मुलीला वार्षिक परीक्षेला बसू द्यावं, असा अर्ज तिथेच टेबलावर ठेवला.

बारा दिवसांनी मुलगी आली. बाईंकडे एकदाही न बघता शेवटच्या बाकावर बसली. गृहपाठाची वही ती बाईंना स्वतः देत नाही, मावशींच्या हाती पाठवते. बाई ती घरी नेतात, एकेक उदाहरण तपासतात आणि शेरा लिहायची वेळ आली की पेन हातात धरून कितीतरी वेळ नुसत्या बसून राहतात.