सिक्स्टेनच्या नावाने

"बेर्टिलआजोबांनंतर तुमचा नंबर," कॉनीची मुलगी यादी दाखवत म्हणाली. "आणि स्टेलानकाका, बाबांना रडवू नका हं."

"तुझा बाप मॅच हरला तरी रडला नाही, आता काय रडणार?"

कॉनीची साठी होती. तळ्याकाठच्या टेनिस क्लबात ऐंशी माणसं जमली होती आणि स्वीडनमधल्या कुठल्याही साठीसारखी भाषणांची यादी जेवणापेक्षा लांब होती. स्टेलानच्या कोटात चार पानं घडी घालून ठेवलेली. अकरा वर्षं दोघे दुहेरीत जोडीने खेळले. कॉनी सर्व्हिस करायचा आणि स्टेलान जाळीपाशी पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करायचा. मागे वळून त्याने कधी पाहिलं नाही. एवढा विश्वास मी बायकोवरही टाकला नाही, असं त्याने लिहिलं होतं. बायको ते वाचून हसली होती.

बेर्टिल काठी टेकत उठला. दोघे देशाच्या संघात असताना खेळाडू निवडणारा कॅप्टन, आता चौऱ्याऐंशीचा. दोन पेले पोटात गेल्यावर त्याची जीभ सैल सुटली होती.

"कॉनी किती जबाबदार माणूस, ते सांगतो. फायनलच्या आदल्या सकाळी आपणहून माझ्याकडे आला. म्हणाला, स्टेलानचा खांदा गेलाय, तो लपवतोय, माझ्याबरोबर दुसरा कुणीतरी द्या. जिवलग मित्र, तरी बोलला! याला म्हणतात खेळाडू."

टाळ्या पडल्या. स्टेलानचे हात टाळीसाठी उचलले गेले होते, ते तसेच राहिले.

खांद्याचं दोघांनाच ठाऊक होतं. कॉनीला, आणि संघाच्या मालिशवाल्या सिक्स्टेनला. फायनल संघाने स्टेलानविना जिंकली आणि पुन्हा त्याला संघात कुणी घेतलं नाही. "त्या सिक्स्टेननेच चुगली केली असणार," हे कॉनीच म्हणाला होता, त्याच दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून. सिक्स्टेन दोनदा दारात आला. "मी एक अक्षर बोललो नाही रे," म्हणाला. स्टेलानने दार लावून घेतलं. चार वर्षांपूर्वी सिक्स्टेन गेला. त्याच्या बायकोने अंत्यविधीचं कळवलं होतं. स्टेलान त्या दिवशी कॉनीबरोबर जंगलात अळंबी वेचत होता.

समोर कॉनी हातरुमालाची घडी घालत, उलगडत बसला होता. "सांगणारच होतो तुला," तो पुटपुटला.

"बत्तीस वर्षांत सवड झाली नसेल," स्टेलान म्हणाला.

त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला. पानं खिशातच राहिली.

"माझं भाषण छोटं आहे. हा पेला सिक्स्टेनच्या नावाने. तो खरं बोलत होता."

पेला उचलला की समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, प्यायचं, पुन्हा बघायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ऐंशी माणसांनी गोंधळून पेले उचलले. कॉनीनेही उचलला. स्टेलानने पेला रिकामा केला, पण कॉनीकडे ना आधी पाहिलं, ना नंतर. कॉनी हात वर धरून थांबला होता.

स्टेलान कोट घालून बाहेर आला. सिक्स्टेनची बायको अजून त्यांच्या जुन्या घरात राहते का, हे त्याला विचारायचं होतं. पण असलं काही विचारायला कॉनीशिवाय त्याला कुणी नव्हतं.