मानेपासून उतरलेला पडदा

भाग्यश्रीच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर रझियांनी बाळाची छाती दोनदा तपासली. मग त्यांनी तिच्या नवऱ्याला आत बोलावलं. उत्तरेश्वर हडपसरच्या आयटी कंपनीतून तसाच आला होता, गळ्यात ओळखपत्र लटकवून.

“बाळाचं हृदय उजवीकडे सरकलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याच्या शेजारी जठर दिसतंय. पोटातलं जठर छातीत.”

दोघांनाही उमगेना. तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच्या मानेवर हात ठेवला.

“छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो, श्वासपटल. त्याच्याच जोरावर आपण श्वास घेतो. तो तयार व्हायला लागतो मात्र इथं, मानेपाशी. बाळ वाढतं तसा खाली उतरतो आणि मानेतल्या नसा सोबत ओढत नेतो. मग कडेच्या घड्या येऊन मिळतात, फट मिटते. तुमच्या बाळाची डावीकडची मिटली नाही. तिथून आतडी वर गेली. फुप्फुसाला वाढायला जागाच उरली नाही.”

“मी रोज स्कूटरवर जायचे,” भाग्यश्री कशीबशी म्हणाली. “धायरीचे ते खड्डे...”

“खड्ड्यांनी कंबर जाते, श्वासपटल नाही. हे घडलं तेव्हा बाळ बोराएवढं होतं. तुमची काही चूक नाही.” मग त्यांचा आवाज उतरला. “वाचेलच असं मी म्हणणार नाही. गरोदरपणात पुढं जायचं की इथंच थांबायचं, ते तुम्ही ठरवा.”

घरी परतताना सिग्नलला उत्तरेश्वरचा हात आपोआप मानेवर गेला. “म्हणजे आपलंही असंच उतरत आलं होतं?”

“सगळ्यांचंच,” भाग्यश्री म्हणाली.

त्यानं भोवती पाहिलं. रिक्षावाला, हेल्मेट घातलेल्या मुली, शेंगदाणे खाणारे आजोबा. प्रत्येकाच्या आत ती फट अंधारात, कुणी न सांगता मिटली होती. मिटली नसती तर? मागचा हॉर्न वाजला तेव्हा कुठं त्यानं गाडी हलवली.

“बाळ हलतंय आत,” भाग्यश्री म्हणाली. “आपण पुढं जाऊ.”

मुलगी झाली. रडली नाही. डॉक्टर तयारच होत्या. त्यांनी क्षणात घशातून नळी घातली आणि यंत्रानं श्वास सुरू केला. काही दिवसांनी ती थोडी स्थिरावली, तेव्हा सर्जननं आतडी खाली आणली, फट शिवली. “डावं फुप्फुस अंगठ्याएवढं आहे,” बाहेर येऊन ते म्हणाले, “पण गुलाबी आहे.”

आणखी कित्येक दिवस यंत्रच तिच्यासाठी श्वास घेत राहिलं. एका सकाळी नळी काढली. आधी काहीच झालं नाही. उत्तरेश्वरनं स्वतःचा श्वास रोखला. मग मुलीच्या बरगड्यांखालची खळगी आत ओढली गेली, पोट फुगलं, खाली बसलं, पुन्हा फुगलं. घोगरा, अगदी बारीक आवाज निघाला.

“रडतेय!” भाग्यश्री हसत रडू लागली.

“फुप्फुस अजून वाढेल,” डॉक्टर म्हणाल्या. “पुढची काही वर्षं वाढतच राहील. आता त्याला जागा आहे.”

दोघं ते चिमुकलं पोट बघत उभे राहिले. कुणाचंच पाऊल हलेना.

“घेऊ का हिला?” भाग्यश्रीनं हळूच विचारलं.

“घ्या की. तुमचीच आहे.”